‘आधी सावरतो, मग गटात येतो’: पुरुषांचे नैराश्य, स्वतःचा स्वीकार आणि सोबत्यांचा आधार

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिहिणारे गृहस्थ ४३ वर्षांचे असून सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावून देणारे आणि विणकरांवर देखरेख करणारे कारागीर, आहेत. गेल्या वर्षी त्यांना सुमारे तीन महिने कामावर जाता आले नाही. झोप उडाली, जेवण तुटले, पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधडू लागे आणि दिवसभर कशातच मन लागत नसे. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान करून गोळ्या सुरू केल्या, त्यांनी गुण आला आणि ते कामावर परतले. घरात हे फक्त पत्नीला आणि धाकट्या भावाला ठाऊक आहे. कारखान्यात आणि भावकीत ‘कावीळ झाली होती’ असे सांगितले गेले. आता त्यांची तक्रार आजाराची राहिलेली नाही. रोज रात्री गोळी हातात घेतली की ‘आपण कच्चे निघालो’ असे त्यांना वाटते. डॉक्टरांनी पुरुषांच्या स्वमदत गटात, म्हणजे अशाच आजारातून गेलेले लोक एकमेकांना आधार देतात अशा गटात, जाण्यास सुचवले आहे, परंतु ‘आधी स्वतःला मनातून सावरतो, स्वतःला स्वीकारता आले की मग चारचौघांत बसतो’ असे त्यांचे म्हणणे आहे. हा क्रम योग्य आहे का, गोळ्या कधी सुटतील आणि मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात हे सांगावे लागेल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची दोन बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहेत. तुम्ही लावलेला क्रम उलटा आहे. सोलापुरात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना, घरात एकट्याने बसून विचार करकरून स्वतःला स्वीकारले आणि मग लोकांत गेले, असे पुरुष मला फारच थोडे भेटले. बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्या एखाद्या पुरुषाच्या तोंडून स्वतःचीच हकीकत ऐकली, तेव्हा कुठे स्वीकाराला सुरुवात झाली. ज्या मनाने तुम्हाला ‘कच्चा’ ठरवले आहे, त्याच मनाकडे तुम्ही आता वेगळा निकाल मागत आहात, आणि ते तो देत नाही म्हणून थांबून राहिला आहात. असे थांबून राहण्यात वर्षे जातात.

नैराश्य हा आजार आहे, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलेच असेल. मात्र पुरुषांमध्ये त्याचे रूप पुष्कळदा असे असते की तो आजार आहे हे रुग्णाला पटत नाही आणि घरच्यांना दिसत नाही. ‘मन उदास आहे’ असे म्हणत माझ्याकडे येणारा पुरुष विरळाच. तो पित्ताची, कंबरेची, डोके जड होण्याची किंवा ‘अंगात ताकदच राहिली नाही’ अशी तक्रार घेऊन येतो. किंवा तो येतच नाही, जेवणाचे ताट भिरकावले म्हणून, दारू वाढली म्हणून किंवा महिनाभर कोणाशी नीट बोलला नाही म्हणून त्याची पत्नी त्याला घेऊन येते. तोवर सोनोग्राफी, ईसीजी, एंडोस्कोपी असे सगळे झालेले असते. यातल्या काही तपासण्या आवश्यकच असतात. थायरॉइड, बी-१२, साखर आणि हिमोग्लोबिन मीही पाहतोच. पण सगळे रिपोर्ट चांगले आले म्हणून असा माणूस सुखावत नाही, उलट त्याचा चेहरा पडतो, कारण एखादा शरीराचा आजार निघाला असता तर तो लोकांना सांगता आला असता. तुमची कावीळ ही अशीच सांगता येण्याजोग्या आजाराची सोय होती. त्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. मात्र त्या सोयीपायी भावकीच्या जेवणात आजही ‘मला तेलकट चालत नाही’ म्हणून शेंगाच्या चटणीवर तेल घेता येत नाही, हे तुम्हीच लिहिले आहे. एक गोष्ट झाकायला रोज दुसरी झाकावी लागते, आणि या कामात माणसाची किती शक्ती खर्च होते हे बाहेरून कळत नाही.

आता ‘कच्चा’ या निकालाकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत दर १०० मागे सुमारे ७२ पुरुष होते, चौथ्या हिश्श्याहून अधिक रोजंदारीवर जगणारे होते, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, म्हणजे २२,७४६ होता. निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की नैराश्य आणि चिंता यांसारखे आजार असलेल्या १०० पैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. तुम्ही उरलेल्या १५ मधले आहात. आजारात असताना, पाय उचलत नसताना तुम्ही दवाखान्याची पायरी चढलात, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गुण दिसत नसतानाही गोळ्या घेत राहिलात आणि मागांच्या खडखडाटात पुन्हा उभे राहिलात. यातले कोणते काम कच्च्या माणसाचे आहे, हे मला कोणी सांगावे.

परंतु आकड्यांनी लाज जात नाही, हेही मला ठाऊक आहे, कारण ती आकड्यांतून आलेलीच नसते. या शहरात पुरुषाची किंमत कामावरून ठरत आली आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा हजारो कर्ती माणसे एकाएकी घरी बसली. त्या घरांतली मुले आज चाळिशी-पन्नाशीत किंवा त्यापुढच्या वयात आहेत. दाराशी खुर्ची टाकून रस्त्याकडे पाहत बसलेले वडील आणि विड्या वळून घर चालवणारी आई, हे चित्र त्यांतल्या अनेकांनी लहानपणी रोज पाहिले आहे. त्या वडिलांपैकी कितीजणांना नैराश्य होते, याची नोंद कोणी ठेवली नाही. ‘गिरणी बंद पडल्यापासून तो तसाच आहे’ एवढेच म्हटले गेले. ‘घरी बसलेला पुरुष’ या शब्दांचा जो धसका या शहराच्या हाडीमाशी भिनला आहे, त्याच्यापुढे तुमचे तीन महिने तुम्हाला प्रत्यक्षात होते त्याहून मोठे दिसत आहेत. ही भीती तुमच्या स्वभावातली खोट नव्हे. ती तुमच्यापर्यंत चालत आलेली आहे, आणि ती कुठून आली हे कळले की तिच्याशी थोडे अंतर ठेवून बोलता येते.

या लाजेकडे मी किरकोळ गोष्ट म्हणून पाहत नाही, कारण आजार उलटण्याच्या बहुतेक वाटा तिच्यातूनच निघतात. लाजेपोटी गोळ्यांची पट्टी कपाटात कपड्यांखाली ठेवली जाते, पाहुणे आले की त्या दिवसाची गोळी चुकते, ‘आता बरा आहे’ म्हणून फेरतपासणी टळते, मित्र टाळले जातात आणि टाळता न आलेल्या मित्रांबरोबर चार घोट घेतले जातात. डॉक्टर औषध बदलत राहतात आणि खरे कारण कागदावर कुठेच येत नाही.

स्वतःचा स्वीकार याचा अर्थ अनेकांनी भलताच करून ठेवला आहे. आरशासमोर उभे राहून ‘मी उत्तम आहे, मी समर्थ आहे’ असे घोकणे म्हणजे स्वीकार, असे काही ठिकाणी शिकवले जाते. मला त्याचा उपयोग झालेला फारसा दिसलेला नाही, कारण ज्याला मनातून तसे वाटत नाही तो असे बोलताना स्वतःशीच खोटे बोलतो आणि ते त्याला कळत असते. दुसरीकडे ‘प्रारब्धात होते, भोगून संपवायचे’ असे म्हणून गप्प बसण्यालाही लोक स्वीकार म्हणतात. तेही नव्हे, कारण त्यात पुढे काय करायचे याची जबाबदारीच उरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिच्यातला गाभ्याचा विचार या बाबतीत मला सर्वांत उपयोगी वाटतो: माणसाच्या कृतीचे, गुणांचे, कामगिरीचे मूल्यमापन जरूर करावे, परंतु त्यावरून संपूर्ण माणसाला एकच शेरा देऊ नये. तुमच्याच कामातले उदाहरण घ्या. तपासणीत एखादा टॉवेल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, टाकला, तर शिक्का त्या नगावर बसतो, तो विणणाऱ्यावर बसत नाही. विणकराला तुम्ही काय चुकले ते दाखवता, माग नीट लावून देता आणि पुढचा बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) त्याच्याच हाती देता. स्वतःच्या बाबतीत मात्र तीन महिन्यांचा शिक्का तुम्ही ४३ वर्षांच्या सगळ्या मालावर मारून मोकळे झाला आहात.

व्यवहारात स्वीकाराचे स्वरूप अगदी साधे असते. मला नैराश्य झाले होते. ते पुन्हा होऊ शकते, कारण पहिल्यांदा आजार झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना तो आयुष्यात पुन्हा कधीतरी गाठतो. आणि तसे होऊ नये म्हणून, किंवा झालेच तर लवकर लक्षात यावे म्हणून, काही गोष्टी मला कायम पाळाव्या लागतील. एवढे आवाज न चढवता आणि मान खाली न घालता म्हणता आले, की पुष्कळ झाले. यासाठी मी रुग्णांना एक लेखन करायला सांगतो. कारखान्यात पाळीची नोंदवही असते तशी त्या तीन महिन्यांची नोंद लिहायची: कोणत्या आठवड्यात काय झाले, झोप किती लागली, कोणाशी काय बोलणे झाले, कोणती गोष्ट करता आली नाही आणि कोणती करता आली. अट एकच, की त्यात एकही विशेषण येता कामा नये. ‘भित्र्यासारखा पडून राहिलो’ असे लिहायचे नाही. ‘सकाळी अकरापर्यंत अंथरुणात होतो, नंतर अंघोळ केली’ असे लिहायचे. हे वाटते त्यापेक्षा अवघड आहे. विशेषणे काढून टाकली की मागे काय उरते ते पाहून बरेच पुरुष चकित होतात, कारण त्यात आजार दिसतो, उपचार दिसतात, आणि सतत काही ना काही करत राहिलेला एक माणूसही दिसतो. पण हे लेखन वहीत मिटून ठेवले तर त्याचा परिणाम लवकर ओसरतो. ते कोणाला तरी वाचून दाखवावे लागते, आणि तिथे गटाचा विषय येतो.

गट म्हणजे नेमके काय, हे माहीत नसल्यामुळे त्याची जास्त भीती वाटते. आठ-दहा पुरुष, गोलात मांडलेल्या खुर्च्या, दीड तास आणि शेवटी चहा, एवढेच त्याचे बाह्य रूप. बोलण्याची सक्ती कोणावर नसते. पहिल्या काही बैठकांत फक्त ऐकले तरी चालते. मागावर काम करणाऱ्या माणसांबद्दल एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. त्यांचे सगळे आयुष्य आवाजात जाते, तिथे बोलायचे म्हणजे ओरडायचे असते आणि बोलणे कामापुरतेच होते. त्यामुळे शांत खोलीत हळू आवाजात स्वतःबद्दल बोलणे ही त्यांच्यासाठी नवी कला असते. ती शिकायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या बैठकीनंतर ‘काही जमले नाही’ असे वाटले तर ते अपेक्षितच समजा.

तपशील बदलून एक प्रसंग सांगतो. पन्नाशीचे एक गृहस्थ बरेच आठवडे गटात नुसते येऊन बसत. विचारले की ‘थोडं टेन्शन होतं, आता नाही’ असे मराठीत सांगत आणि हसून विषय संपवत. एका संध्याकाळी दुसरे एकजण सांगत होते, की रात्री माग बंद असले तरी डोक्यात त्यांची धडधड चालू राहते आणि ती मोजत मोजत पहाट होते. ते ऐकून हे गृहस्थ एकदम बोलू लागले, आणि तेही तेलुगूत. मराठी ही त्यांची कामाची आणि बाजाराची भाषा. आतली गोष्ट घरच्या भाषेतूनच बाहेर आली. खोलीतल्या निम्म्या लोकांना तेलुगू येत नव्हते, तरी कोणी थांबवले नाही, कोणी ‘मराठीत सांगा’ म्हटले नाही. ते थांबले तेव्हा शेजारच्याने त्यांच्या हातात चहा दिला आणि ‘मलाबी पहाटं तीनलाच जाग यायची, मालक’ एवढेच म्हणाला. मी अनेक महिने औषधे आणि समुपदेशन यांतून जे करू पाहत होतो, ते त्या एका वाक्याने पुढे सरकले. सोलापूरसारख्या मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच गल्लीत बोलल्या जाणाऱ्या गावात गट चालवणाऱ्याने भाषेचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गटाचा उपयोग कसा होतो, याचे माझ्या मते मुख्य कारण वेगळेच आहे. तुम्ही तिथे जाऊन दुसऱ्या पुरुषाची हकीकत ऐकता. तोही घरी बसला होता, त्यानेही काहीतरी खोटे सांगितले होते, त्यालाही मुलांसमोर रडू आले होते. ती ऐकताना तुम्ही त्याला कच्चा म्हणत नाही. तसे म्हणण्याचे तुमच्या मनातही येत नाही. जी सवलत तुम्ही त्याला सहज दिलीत, ती स्वतःला नाकारत राहणे हळूहळू अवघड होत जाते. एकट्याने कितीही विचार केला तरी हे घडत नाही, कारण तिथे तुलनेला दुसरा माणूसच नसतो. शिवाय आजारातून बाहेर येऊन दोन-तीन वर्षे झालेली, मुलांची लग्ने लावलेली, कर्ज फेडत असलेली माणसे समोर बसलेली असतात. डॉक्टरांच्या ‘तुम्ही बरे व्हाल’ या वाक्याला त्यांच्या असण्याने पुरावा मिळतो.

ही कल्पना नवी नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन या गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद असे दोन दारुडे एकमेकांशी बोलू लागले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची स्वमदत संघटना उभी राहिली. तो डॉक्टर पीत होता ते वैद्यकीय ज्ञान कमी होते म्हणून नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनातून बाहेर आलेल्या माणसालाच पुढे समुपदेशक म्हणून उभे करता येते, हे मराठी समाजाला दाखवले. नैराश्याच्या बाबतीतही पुरावा आहे. या विषयावरील प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सोबत्यांच्या, म्हणजे त्याच आजारातून गेलेल्यांच्या, आधाराची भर घातल्यास नैराश्याची लक्षणे अधिक कमी होतात, असे दिसले. गोव्यात झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या गेलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी काम केले होते, एकात नैराश्याच्या रुग्णांबरोबर आणि दुसऱ्यात घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांबरोबर, दोन्हींत फरक पडला. ते समुपदेशक स्वतः त्या आजारातून गेलेले असावेत अशी अट तिथे नव्हती, त्यामुळे हे अभ्यास स्वमदत गटाचा थेट पुरावा ठरत नाहीत. परंतु पदवी नसलेला माणूसही नीट शिकवल्यास मनाच्या आजारात खरी मदत करू शकतो, एवढे त्यांवरून ठरते.

तुम्ही म्हणाल की मला माणसांची काय कमी आहे. भिशी आहे, गणपतीचे मंडळ आहे, लेझीमचा ताफा आहे. खरे आहे, आणि ती माणसे सोडू नका. पण तिथे तुमची जागा ठरलेली आहे. भिशीत हप्ता वेळेवर भरणारा म्हणून तुमची पत असते, आणि पत जिथे मोजली जाते तिथे पत गेल्याची गोष्ट सांगता येत नाही. गटात तुमच्याकडून पत, पैसा, पद यांतले कोणालाच काही नको असते.

सोलापूरबद्दलची तुमची धास्ती मात्र रास्त आहे. ‘कुठल्या पेठेतले? कोणाचे तुम्ही?’ इथे दोन प्रश्नांत माणसाची सगळी कुंडली निघते. म्हणून गटात जाण्याआधी तो चालवणाऱ्याला प्रत्यक्ष विचारा: आडनाव सांगावे लागते का, बैठकीत ऐकलेले बाहेर बोलणाऱ्याचे काय करता, मोबाइल बंद असतात का, कोणी फोटो काढतो का. यांची उत्तरे गुळमुळीत मिळाली तर तो गट सोडा. शक्यतो स्वतःच्या पेठेतला आणि स्वतःच्या कारखान्याजवळचा गट नको. माझ्या पाहण्यातल्या एका गटात असा रिवाज आहे की रस्त्यात भेट झाली तर समोरच्याने आधी ओळख दाखवली तरच प्रतिसाद द्यायचा. कोणाबरोबर पत्नी असते, कोणाबरोबर मालक. साधा नियम आहे, पण त्याच्यामुळे माणसे टिकतात.

गटाच्या मर्यादा सांगितल्या नाहीत तर हे उत्तर अर्धवट राहील. ‘मी तर गोळ्या फेकून दिल्या आणि ठणठणीत आहे’ असे सांगणारा एकजण प्रत्येक गटात निघतोच. त्याचा अनुभव त्याच्यापाशी असू द्यावा; औषधाचा निर्णय गटात होत नाही, आणि चांगल्या गटात संचालक तिथेच हे स्पष्ट करतो. काही ठिकाणी कोणाचे दुःख मोठे याची चढाओढ लागते, काही ठिकाणी एकच माणूस गुरू होऊन बसतो आणि बाकीचे माना डोलावतात. अशा बैठकीतून घरी जाताना मन आधीपेक्षा जड होत असेल आणि हे तीन-चारदा सलग घडले, तर दुसरा गट पाहावा. जीव नकोसा वाटणे, त्याचे बेत मनात येणे, हे मात्र पुढच्या बैठकीपर्यंत थांबण्याचे काम नाही. त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टर गाठावा किंवा सिव्हिलचा आपत्कालीन विभाग गाठावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत असते आणि मराठीतून बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून पोलीस केस होईल या भीतीने लोक दवाखान्यात नेत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याला शिक्षा करता येत नाही.

जवळ सोयीचा गट नसेल तर डॉक्टरांना विचारा, की त्यांच्याकडे येणाऱ्यांपैकी आणखी कोणी अशा भेटीला तयार आहे का. नावे ते त्या माणसाच्या संमतीशिवाय देणार नाहीत, पण निरोप पोहोचवू शकतात. दोघे-तिघे मिळाले तरी सुरुवात होते. समोरासमोर बसून बोलणे अनेक पुरुषांना अवघड जाते, शेजारी-शेजारी चालताना मात्र तेच सहज बोलतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी विजापूर रस्त्यावरच्या संभाजी तलावाला किंवा सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फेरी मारावी; कोणी विचारलेच तर ‘फिरायला जातो’ हे उत्तर खरे असते. दारूची तक्रार असलेला कोणी सोबत असेल, तर भेट टपरीवर ठेवा, परमिट रूममध्ये ठेवू नका. हे सांगावे लागते, म्हणून सांगतो.

आता गोळ्यांबद्दल. नैराश्याचा पहिला प्रसंग असेल तर पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात आणि मग मात्रा हळूहळू उतरवतात. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, परंतु एकाएकी बंद केल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, अंगात झिणझिण्या असे त्रास होतात, आणि लोक त्यालाच ‘सवय लागली’ असे समजतात. पुरुष जे कधी आपणहून सांगत नाहीत तेही लिहितो: यांतल्या बऱ्याच गोळ्यांमुळे लैंगिक इच्छा कमी होते किंवा वीर्यपतनाला उशीर लागतो. या एका कारणाने कितीतरी पुरुष कोणाला न सांगता गोळ्या सोडतात आणि चार-सहा महिन्यांनी आजार घेऊन परत येतात. तुमच्या बाबतीत असे होत असेल तर डॉक्टरांना तोंडाने सांगा, लाज वाटली तर चिठ्ठीवर लिहून द्या. मात्रा, वेळ किंवा औषध बदलून पुष्कळदा मार्ग निघतो. ‘कच्चे निघालो’ हे वाटणे कमी करण्यासाठी गोळी लवकर सोडणे, हा मार्ग मात्र घेऊ नका.

मुलीच्या लग्नाबाबत कायदा तुमच्या बाजूने आहे. त्याच २०१७ च्या कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. डॉक्टर ती कोणत्याही पाहुण्याला देऊ शकत नाहीत. वडिलांना एकदा नैराश्य झाले होते, ही गोष्ट स्थळ पाहताना जाहीर करण्याचे बंधन तुमच्यावर नाही. नैराश्याकडे कल काही प्रमाणात घराण्यातून येतो, परंतु मधुमेहाच्या बाबतीतही तसेच आहे आणि त्यावरून मुलीला हा आजार होईल असे ठरत नाही. माझा सल्ला असा, की बाहेरच्या कोणाआधी तुम्ही स्वतः मुलीला सांगा. ती सज्ञान आहे, घरातले ते तीन महिने तिने पाहिले आहेत, आणि कावीळ झालेला माणूस पहाटे गच्चीवर एकटा येरझाऱ्या घालत नाही हे तिला कळलेले असण्याची दाट शक्यता आहे. पुढे स्थळाकडून कोणी थेट विचारलेच, तर खोटे बोलू नका. ‘झाले होते, उपचार घेतले, कामावर आहे’ एवढे सांगून थांबा. जिथे या उत्तरावर स्थळ मोडते, त्या घराबद्दल मुलीलाही काहीतरी कळते.

पुढच्या फेरतपासणीला पत्नीला सोबत न्या आणि तिघांनी मिळून, आजार परतू लागल्याची तुमची स्वतःची चिन्हे एका कागदावर लिहा. सर्वांची चिन्हे सारखी नसतात: कोणाची झोप आधी जाते, कोणी फोन उचलणे बंद करतो, कोणी दाढी करत नाही. ही चिन्हे तुमच्याआधी पत्नीला दिसतील, म्हणून कागद तिच्याकडे राहू द्या. आणि यांपैकी दोन चिन्हे आठवडाभर टिकली तर तुम्हाला न विचारता तिने डॉक्टरांना फोन करावा, अशी परवानगी आत्ताच, बरे असताना, देऊन ठेवा.